खर्डा घेऊन जयपुरात

कादंबरी ज्या गावात घडते ते गाव लेखकाने पाहिलेलेच असले पाहिजे, असा काही नियम नाही. इंग्रज कादंबरीकार एच. आर. एफ. कीटिंग यांनी मुंबईच्या गुन्हे शाखेतला गणेश घोटे हा मराठी इन्स्पेक्टर उभा केला, तो मुंबईत पाऊल न ठेवता. ‘द परफेक्ट मर्डर’ ही घोटेची पहिली कादंबरी 1964 साली आली, तिला इंग्लंडमधला रहस्यकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि पुढची सुमारे दहा वर्षे कीटिंग नकाशे, पुस्तके आणि माहीतगारांच्या आठवणी यांच्या भरवशावर घोटेच्या कथा लिहीत राहिले. मुंबई त्यांनी पाहिली ती त्यानंतर. वाचकांचे तोवर काही अडले नव्हते.

तरीही बहुतेक कादंबरीकार आपल्या कादंबरीच्या गावाला जातात. कशासाठी, असे विचारले की ‘वातावरण मिळावे म्हणून’ हे ठरलेले उत्तर येते. ते फारसे खरे नाही. वातावरण छायाचित्रांतून, प्रवासवर्णनांतून, जुन्या गॅझेटियरमधून मिळते आणि पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा चांगले मिळते. ज्याने हे काम काही वर्षे केले आहे त्याचा अनुभव असा, की गाव लेखकाला काही देण्याआधी त्याच्या हातातले काढून घेते. हे पात्र एवढ्या वेळात तिथे पोहोचणार नाही, या खिडकीतून तो दरवाजा दिसणार नाही, ही इमारत तेव्हा नव्हतीच, असे एकेक नकार मिळत जातात. नकारांची ही यादी हाच स्थळभेटीचा खरा ऐवज.

म्हणून भेटीची वेळ महत्त्वाची. काही लिहिण्याआधीच गेलेला लेखक पर्यटकासारखा सगळेच टिपून घेतो आणि परत आल्यावर त्या टिपणांचे काय करायचे ते त्याला कळत नाही. पहिला खर्डा पुरा करून गेलेल्याजवळ विचारायला प्रश्न असतात. मराठीत याहून वेगळ्या वाटांची उदाहरणेही आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी कोवळ्या वयात माणदेशात शाळामास्तरकी केली. ‘बनगरवाडी’ 1955 साली आली तेव्हा ती वाडी त्यांच्या अंगात मुरलेली होती, मुद्दाम पाहायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. श्री. ना. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, पण वाढले आणि नोकरीला राहिले मुंबईत. ‘गारंबीचा बापू’मधली गारंबी त्यांनी दुरून, आठवणीच्या जोरावर लिहिली. गो. नी. दांडेकर यांचे याहून वेगळे. त्यांची पायपीट आधीपासून चाललेलीच असे, आणि राजमाचीवरचा बुधा किंवा तुंग किल्ल्याचा धोंडी त्या पायपिटीत भेटल्यासारखे कादंबरीत येत. तिघांचीही गावे त्यांच्या भाषेतली होती. परक्या मुलखात, परक्या शतकात कादंबरी नेणाऱ्याला या तिन्ही वाटा बंद असतात. त्याला खर्डा घेऊन जावेच लागते.

जयपूर या कामाला फार चांगले, आणि फार फसवेही. चांगले यासाठी, की हे शहर आखून वसवलेले आहे. सवाई जयसिंगाने 18 नोव्हेंबर 1727 रोजी त्याचा पाया घातला, आखणीत विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताचा मोठा वाटा होता, आणि नऊ चौकड्यांचा, म्हणजे चौकोनी विभागांचा, तो आराखडा आजही पायाखाली तसाच आहे. पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत सुमारे तीन किलोमीटरचा सरळ रस्ता, त्यावर रामगंज, बडी आणि छोटी चौपड हे तीन चौक, आणि प्रत्येक चौपडीपाशी त्याला काटकोनात छेदणारे बाजार. तीनशे वर्षांपूर्वीचे पात्र ज्या वळणावर वळले असेल तिथेच आज वळता येते. पुण्यात पेशवाईतली गल्ली शोधणाऱ्याला ही चैन नाही.

फसवे का, ते कळण्यासाठी एक कल्पित खर्डा घेऊ. समजा, एका मराठी लेखकाने 1751 च्या जानेवारीतल्या जयपूरवर कादंबरी लिहिली आहे. विषय मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा, पण पानिपतासारखा चघळून चोथा झालेला नाही. जयसिंग 1743 मध्ये गेल्यावर ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या सावत्र भावांत गादीसाठी तंटा लागला. मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या बाजूने उतरले. ठरलेला पैसा येईना म्हणून डिसेंबर 1750 मध्ये मराठी फौज जयपुराजवळ आली, तेव्हा ईश्वरीसिंगाने विष घेतले आणि स्वतःला नागाचा दंश करवून घेतला. माधोसिंग गादीवर बसला, मराठ्यांच्या मागण्या वाढल्या, आणि 10 जानेवारी 1751 रोजी हे नवे शहर बघायला, देवदर्शनाला आणि खरेदीला आत आलेल्या मराठ्यांवर वेशी बंद करून हल्ला झाला. त्यात हजारो माणसे पडली.

खर्ड्यात पहिल्याच प्रकरणात होळकरांच्या फौजेतला एक शिलेदार गुलाबी भिंतींमधून चालतो, हवामहालाकडे मान वर करून बघतो, आणि दुपारच्या उन्हाला चुकवण्यासाठी बाजाराच्या कमानींखाली उभा राहतो. लेखक जयपुरात उतरतो आणि दोन दिवसांत हे प्रकरण कोसळते. हवामहाल सवाई प्रतापसिंगाने 1799 मध्ये बांधला, म्हणजे शिलेदार मेल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. शहराला आजचा सलग गुलाबी रंग दिला गेला तो 1876 मध्ये, रामसिंगाच्या अमदानीत, प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी. दुकानांपुढचे सलग व्हरांडे तर 1940 च्या दशकातले, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीतले. जयपूर म्हटल्यावर डोळ्यापुढे जे जे येते ते बहुतेक या शिलेदाराने पाहिलेलेच नाही. हे सगळे घरबसल्या पुस्तकात वाचता आले असते, हा आक्षेप बरोबर आहे. पण शहर बघितल्याशिवाय कोणती शंका काढायची हेच सुचत नाही. हवामहाल कधीचा असा प्रश्न त्याच्यासमोर उभे राहिल्यावरच पडतो.

मग उरते काय? त्रिपोलिया बाजाराच्या मागे ईसरलाट उभी आहे. सरगासूली हे तिचे दुसरे नाव. भावाच्या पक्षावर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून ईश्वरीसिंगाने 1749 मध्ये हा सात मजली मनोरा उभारला. म्हणजे त्या जानेवारीत तो नवाकोरा होता, आणि तो बांधणारा नुकताच मेलेला. आत गोल फिरत चढणारी अरुंद वाट आहे. वर गेल्यावर बाजाराचे सरळ पट्टे, राजवाड्याची बाजू आणि उत्तरेकडच्या टेकडीवरचा नाहरगड असा सगळा पट एका नजरेत येतो. जंतरमंतर तेव्हा होते, राजवाडा होता, गोविंददेवजींचे देऊळ होते. कादंबरीला एवढे पुरेसे असते. किंबहुना एवढेच हवे असते, कारण जे उरते ते कोणत्याही पोस्टकार्डावर नसते.

यानंतरचे काम चालण्याचे. बडी चौपड ते सांगानेरी दरवाजा हे अंतर नकाशावर बोटभर दिसते. जौहरी बाजारातून रमतगमत गेले तरी पाव तासात संपते. मग खर्ड्यातला शिलेदार कत्तल सुरू झाल्यावर वेशीपर्यंत का पोहोचला नाही? रस्ता सरळ आणि रुंद आहे, लपायला जागा नाही, आणि चौपडीवर उभ्या असलेल्या कोणालाही चारी दिशांनी धावणारी माणसे दिसतात. आखीव शहर हे पाहुण्याला वाट सापडावी म्हणून सोयीचे. तसेच त्याला कोंडायलाही सोयीचे. वेशी लावल्या की झाले. बाजाराच्या मागे मात्र गल्ल्या, हवेल्यांचे आतले चौक आणि बोळ यांचे वेगळेच जग सुरू होते, आणि तिथे अनोळखी माणसाला दार उघडेल की नाही हे पूर्णपणे घरमालकावर अवलंबून. कादंबरीचा प्रसंग रस्त्यावरून उचलून एका परक्या चौकात नेला पाहिजे, हे चालताना कळते. तट गाठून उडी टाकण्याचा प्रसंग लिहायचा तर तट बघावा लागतो, आणि तो आज सहज दिसत नाही. दक्षिणेकडे स्वातंत्र्यानंतर बसलेल्या बापू बाजार आणि नेहरू बाजाराच्या दुकानांनी तो झाकला आहे. दुकानदाराला विनंती करून मागच्या बाजूने दगड बघायचा, उंचीचा अंदाज घ्यायचा आणि उपकाराची फेड म्हणून एखादी मोजडी घ्यायची. अशा भेटींत मोजड्या बऱ्याच जमतात.

ऋतू आणि घटका हा त्याहून नाजूक भाग. जानेवारीतले जयपूर सकाळी चांगलेच कुडकुडवते. दुपारी ऊन टोचत नाही, हवेसे वाटते. शिलेदाराला सावलीत उभे करणारा लेखक बहुधा मे महिन्यात गेलेला असतो, किंवा राजस्थान म्हणजे ऊन असे समीकरण मनात धरून बसलेला असतो. ज्या महिन्यात कथा घडते त्याच महिन्यात जावे, हा या कामातला क्वचितच खोटा ठरणारा सल्ला आहे. पण त्यातही एक सापळा आहे. जानेवारीत गेलेला लेखक 14 तारखेच्या संक्रांतीला सापडतो. गच्च्या माणसांनी भरलेल्या, आकाश पतंगांनी, मिठाईच्या दुकानांत फिणीचे ढीग. हे सगळे कादंबरीत घ्यायचा मोह आवरत नाही. मात्र सूर्याचे मकरेत जाणे इंग्रजी तारखेला कायमचे बांधलेले नाही; ते हळूहळू पुढे सरकते, आणि अठराव्या शतकाच्या मध्यात ते आजच्यापेक्षा सुमारे चार दिवस आधी येत असे. 14 जानेवारी 1761 म्हणजे संक्रांतीचा दिवस असे धरून पानिपतावर लिहिणारेही इथेच घसरतात.

वेळेचे भान यायला जंतरमंतराइतकी चांगली जागा नाही. सम्राट यंत्राचा त्रिकोणी कणा सुमारे 27 मीटर उंच आहे आणि त्याची सावली बाजूच्या वक्र संगमरवरी पट्टीवर दर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. पट्टीवर बोट ठेवून उभे राहिले तर सावली नखावर चढताना दिसते. कादंबरीत ‘थोड्या वेळाने’ लिहिणाऱ्याने इथे पाच मिनिटे उभे राहावे. ज्या राजाने हे बांधले त्याच्या मुलांनी गादीसाठी काय केले हेही तिथेच मनात येते, आणि ते खर्ड्यात नव्हते.

विसाव्या शतकातल्या जयपूरचे प्रश्न वेगळे आहेत, कारण तिथे साक्षीदार जिवंत असतात. अलका जोशी यांच्या ‘द हेना आर्टिस्ट’ या कादंबरीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. जोधपूरला जन्मलेल्या जोशी नवव्या वर्षी घरच्यांबरोबर अमेरिकेला गेल्या. आईचे लग्न अठराव्या वर्षी घरच्यांनी ठरवून लावून दिलेले, आणि पाठोपाठ मुले. आईला जे आयुष्य निवडता आले नाही ते तिला कागदावर द्यावे या कल्पनेतून 1955 च्या जयपुरातली लक्ष्मी जन्मली: नवऱ्याचे घर सोडून आलेली, श्रीमंत बायकांच्या हातांवर मेंदी काढून आपल्या पायांवर उभी राहिलेली. या लेखनाच्या काळात जोशी आईला बरोबर घेऊन जयपूरला येत राहिल्या. लिहायला सुमारे दहा वर्षे लागली. मार्च 2020 मध्ये पुस्तक निघाले तेव्हा लेखिका बासष्टीची होती.

आठवण असलेल्या माणसाला बरोबर नेणे हे स्थळभेटीचे सर्वांत फलदायी रूप आहे. घरी बसून विचारले तर ‘काही विशेष नव्हतं गं तेव्हा’ यापलीकडे न बोलणारी बाई एखाद्या दुकानासमोर उभी राहिली की तिथे पूर्वी कोण बसायचे, भाव काय होता, कोणाबरोबर बाहेर जायला मनाई होती, सगळे सांगू लागते. जागा माणसाला बोलते करते. अर्थात अशी आठवणही निवडक असते. तिचा ताळा घ्यावा लागतो, आणि तो घेताना आईला खोटे पाडायचे नसते.

1955 चे जयपूर शोधणाऱ्यालाही नकार मिळतातच. रामबाग पॅलेस आज हॉटेल आहे, पण ते झाले 1957 मध्ये. लक्ष्मीच्या काळात तो राजघराण्याचा राहता वाडा होता. आज दिवाणखान्यात चहा पिऊन आलेल्या लेखकाने तिथली शांतता खरी मानली तर फसगत होईल. राहत्या वाड्यात नोकर, मुले, भेटीला आलेले आणि ताटकळत बसलेले यांची वर्दळ असते. कादंबरीतल्या महाराण्या कल्पित आहेत, तरी वाचकाला जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आठवल्याशिवाय राहत नाहीत. (त्यांची आई इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, जयपूरच्या राजवाड्यात मराठी रक्ताचे नाते इथून पोहोचते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवायला हरकत नाही.) जोशींच्या याच मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीत, 1969 च्या जयपुरात, रॉयल ज्वेल नावाचे भपकेबाज चित्रपटगृह कोसळते. जयपूर माहीत असलेल्याला लगेच राजमंदिर चित्रपटगृह आठवते, पण राजमंदिर सुरू झाले 1976 मध्ये. इमारत कल्पित ठेवली की तारखेचा जाच राहत नाही आणि ती पाडण्याची मोकळीकही मिळते. जिथे कथेत काही वाईट घडवायचे आहे तिथे खरे नाव वापरू नये, हा कारागिरीचा आणि सभ्यतेचा असा दुहेरी नियम आहे.

पात्राचा धंदा जवळून पाहणे हा भेटीतला सर्वांत रसाळ भाग, आणि इथे घाई करू नये. त्रिपोलिया बाजारातून आत गेले की मनिहारों का रास्ता लागतो. लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची ही गल्ली. कारागीर कोळशाच्या शेगडीपुढे बसतो. लाखेचा गोळा काठीच्या टोकाला लावलेला, तो निखाऱ्यावर फिरवत मऊ करायचा. वरून रंगीत लाखेची कांडी घासून रंगाचा थर द्यायचा. लाकडी हत्थ्याने दाबत-लाटत त्याची लांब सळई ओढायची. बेताने कापून, वाकवून दोन टोके चिकटवायची आणि निमुळत्या दांड्यावर चढवून हव्या त्या मापाला आणायची. खडे बसवायचे असले तर एकेक खडा गरम करून चिमट्याने दाबायचा. लाख गरम असेतोवरच ऐकते. त्यामुळे कारागीर मान वर करीत नाही. गिऱ्हाइकाशी बोलतो तेही निखाऱ्याकडे बघत, तुटक, हात जिथे थांबतो तिथे थांबत. खर्ड्यात नायिका आणि बांगडीवाला एकमेकांच्या डोळ्यांत बघून दोन पाने बोलतात. ती दोन पाने इथे जळून जातात. त्याऐवजी अर्ध्या अर्ध्या वाक्यांचा एक संवाद हाती येतो, ज्यात महत्त्वाची गोष्ट दोन बांगड्यांच्या मधल्या उसंतीत सांगितली जाते. या एका दुरुस्तीसाठी रेल्वेचे भाडे वसूल होते.

माणसांशी बोलण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मी कादंबरी लिहितो आहे, असे सांगितले की समोरचा सजून बोलतो; त्याला जे छापून यावेसे वाटते ते सांगतो. वाटाड्यांच्या गोष्टी तर घासून गुळगुळीत झालेल्या असतात. किरकोळ, व्यवहारी प्रश्न विचारावेत: पाणी कुठून यायचे, दुकान किती वाजता बंद व्हायचे, पावसात गल्लीत कुठवर पाणी साचते. उत्तरे देताना माणसे बेसावध असतात, आणि कथेच्या कामाचे नेमके तेव्हा निसटते.

मराठी लेखकापुढे जयपुरात आणखी एक गोष्ट उभी राहते, आणि खर्ड्याला सर्वांत मोठा धक्का ती देते. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीत उत्तरेत गेलेली मराठी फौज म्हणजे अटकेकडे निघालेले आपले लोक. राजस्थानच्या आठवणीत त्याच फौजेचे नाव खंडणीशी जोडलेले आहे. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, पण ईश्वरीसिंगाची तिथे नाही. ती राजवाड्याच्या आवारात, जयनिवास बागेच्या बाजूला आहे. होळकरांची फौज वेशीबाहेर असताना मेलेल्या राजाच्या त्या एकट्या छत्रीपुढे उभे राहिले की कत्तलीच्या प्रकरणाची सुरुवात आपल्या शिलेदारापासून करणे पुरेसे वाटेनासे होते. ज्याने दार लावून घेतले त्या जयपूरकरालाही नाव, बायको आणि भीती द्यावी लागते. हे काम पुस्तके वाचूनही होऊ शकते. होत नाही, एवढेच. आपल्या भाषेतली साधने आपलीच बाजू सांगतात, आणि दुसऱ्या बाजूच्या अंगणात उभे राहिल्याशिवाय तिचा प्रश्न कानावर पडत नाही.

परत आल्यावर टिपणांतला फार थोडा भाग कादंबरीत जातो, आणि तसाच जावा. बडी चौपडीखाली आता मेट्रोचे स्थानक आहे, त्याच्या खोदकामात जुने कुंड उघडे पडले. ही माहिती लेखकाला कितीही आवडली तरी 1751 च्या शिलेदाराला तिचा उपयोग नाही. मोजड्या, भाव, अंतरे, दगडांची नावे यांनी भरलेली प्रकरणे ही नवख्या स्थळभेटीची खूण असते. गाव पाहून आल्यावर वर्णने वाढण्याऐवजी कमी झाली, तर भेट लागू पडली असे समजावे. पात्र ज्या गावात वाढले त्या गावाचे वर्णन ते मनातल्या मनात करीत नसते.

अचूकता कुठवर न्यायची, याला अंत नाही. उंबेर्तो एको यांनी ‘फूकोज पेंडुलम’ लिहिताना आपले पात्र ज्या रस्त्यांनी मध्यरात्री जाते त्या पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री स्वतः फेऱ्या मारल्या, हातात ध्वनिमुद्रक घेऊन. पुस्तक निघाल्यावर एका वाचकाने 1984 च्या जूनमधल्या त्या रात्रीची वर्तमानपत्रे काढली आणि विचारले, की त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तेव्हा आग लागली होती, ती तुमच्या पात्राला दिसली कशी नाही?

उलट टोकाचे उदाहरण जयपूरचेच. डेबोरा मोगॅक यांची 2004 ची कादंबरी इंग्रज म्हाताऱ्यांना बंगळूरच्या एका हॉटेलात आणून सोडते. तिच्यावरून ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ हा चित्रपट निघाला तेव्हा कथा उचलून जयपुरात ठेवली गेली, आणि हॉटेल म्हणून दाखवला तो उदयपूरजवळच्या खेमपूर गावातला रावळा. चित्रपट पाहून जयपुरात ते हॉटेल शोधणाऱ्याला आणखी शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.